कोठारातील गोळी आणि घरातील पहिला तास

चैत्र-वैशाखात वर्षाच्या बेगमीचे धान्य येऊ लागले की घरातील श्राविकांचे दिवस चाळण-सुपाच्या संगतीत जातात. गहू उन्हात तापवणे, निवडणे, त्याला एरंडेलाचा हात लावणे, कोठीच्या तळाशी कडुनिंबाचा वाळलेला पाला घालणे, ही कामे सासूकडून सुनेकडे आली आहेत. चाळणीत सापडलेला किडा कोणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून तो सावलीत नेऊन सोडण्याची दक्षताही त्याच संस्कारातील. त्याच घराच्या खाली, दुकानामागील गोदामात, ताडपत्रीने झाकलेल्या पोत्यांच्या थप्पीत मात्र करड्या रंगाच्या गोळ्या ठेवलेल्या असतात. घरात त्यांचा उल्लेख नुसता ‘गव्हातल्या गोळ्या’ असा होतो. कधी त्यातील दोन-चार कागदाच्या पुडीत बांधून वरच्या मजल्यावरील कोठीपर्यंतही पोहोचतात.

ही गोळी ॲल्युमिनियम फॉस्फाइडची असते. हवेतील ओलावा लागताच तिच्यातून फॉस्फीन नावाचा विषारी वायू सुटू लागतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम वायू बाहेर पडतो आणि मागे राखेसारखी पूड उरते. कीड मरते ती या वायूने. तो हवेपेक्षा किंचित जड असला, तरी बंद जागेत सर्वत्र पसरतो. जुन्या वाड्यातील लाकडी तक्तपोशी, जिन्याची पोकळी, शेजारच्या घराशी सामाईक असलेली भिंत, यांपैकी कशातूनही त्याला वाट मिळते. बाजारातील गोळीच्या वायूला लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो. तथापि वास आला नाही म्हणून वायू नाही, असे समजणे धोक्याचे आहे.

खाली दुकान आणि वर बिऱ्हाड ही व्यापारी पेठांची नेहमीची रचना. अशा घरात पहाटे दोघा-तिघांना एकदम मळमळू लागते, डोके दुखते, उलट्या होतात, छातीत दडपण येते. साहजिकच आदल्या दिवशीच्या जेवणावर संशय जातो. डॉक्टरही अन्नातून झालेल्या विषबाधेचे औषध देतात आणि मंडळी विश्रांतीसाठी पुन्हा त्याच खोलीत येऊन निजतात. लहान मुले यात सर्वांआधी कोमेजतात. अशा वेळी ‘घराखाली गोदाम आहे आणि परवा तिथे गोळ्या ठेवल्या’ हे एक वाक्य उपचाराची दिशा बदलू शकते. ते उच्चारले जात नाही, कारण गोळ्यांचा आणि उलट्यांचा काही संबंध असेल हे कोणाच्या मनातच येत नाही.

शंका येताच घरातील सर्वांना मोकळ्या हवेत आणावे आणि लागलीच रुग्णालय गाठावे. माल किंवा गल्ला सावरण्यासाठी कोणी आत जाऊ नये. गोळ्यांवर पाणी ओतू नये, कारण ओलाव्याने वायू अधिकच वेगाने सुटतो. गोळी कोणाच्या पोटात गेली असेल तर उलटी करवू नये आणि तोंडाला तोंड लावून श्वासही देऊ नये. रुग्णाच्या श्वासातून व उलटीतून तोच वायू बाहेर पडत असल्याने वाहनाच्या काचा उघड्या ठेवाव्यात, आणि अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयाकडेच वाहन वळवावे.

वास्तविक ही गोळी किराणा मालासारखी विकता येत नाही. कायद्याने तिची विक्री शासकीय संस्था व परवानाधारक कीडनियंत्रकांपुरती मर्यादित केली आहे. पेठेत ती ओळखीवर मिळते, हेही तितकेच खरे. गोदामाला धुरी देणे आवश्यकच असेल तर ते काम परवानाधारकाकडून करून घ्यावे आणि त्या दिवसांत वरचे बिऱ्हाड रिकामे ठेवावे. घरच्या कोठीत तर या गोळीला मुळीच स्थान असू नये. एरंडेल आणि कडुनिंब पिढ्यान्‌पिढ्या पुरले आहेत.

विष कोणतेही असो, घरातील पहिल्या तासात बहुधा एकच धडपड होते, ती म्हणजे उलटी काढण्याची. मिठाचे पाणी पाजले जाते, घशात बोटे घातली जातात, वरून दूध, ताक, लिंबू. हेतू प्रेमाचा असला तरी हे उपाय स्वतंत्र संकट ओढवतात. मिठाच्या पाण्याने लहान मुलाच्या रक्तातील सोडियम जीवघेण्या पातळीपर्यंत चढू शकते. रॉकेल किंवा थिनर उलटीवाटे वर येताना फुप्फुसात उतरते. शौचालय धुण्याचे आम्ल जाताना अन्ननलिका भाजते आणि परतताना पुन्हा भाजते. रुग्ण बेशुद्ध वा गुंगीत असेल तर पाण्याचा घोटही देऊ नये, त्याला डाव्या कुशीवर वळवावे. डोळ्यात काही उडाले असेल तर वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवावा. कीटकनाशक अंगावर सांडले असेल तर कपडे उतरवून साबणाने अंग धुवावे.

औषधाच्या डब्यातील धोका याहून शांत असतो. पॅरासिटामॉलची गोळी तापासाठी, तीच सर्दीच्या मिश्र गोळीत, तीच अंगदुखीच्या गोळीत, आणि तिन्ही एकाच दिवशी. मात्रा नकळत ओलांडली जाते. दीर्घ उपवासाने शरीरातील ग्लुटाथायोन हे रक्षक द्रव्य घटलेले असते. त्यामुळे तपाच्या काळात वा पारण्यानंतर लगेच या औषधाविषयी विशेष सावध राहावे. मात्रा अधिक झाल्यावर पहिला दिवस रुग्ण जवळजवळ ठणठणीत दिसतो. यकृताची हानी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्रकट होते. ॲसिटिलसिस्टीन हा त्यावरचा उतारा आठ तासांच्या आत मिळाल्यास सर्वाधिक गुणकारी ठरतो. म्हणून ‘बरा दिसतो आहे, सकाळी पाहू’ हा विचार येथे घातक आहे.

आता ज्याविषयी आपल्या घरांत बोलणेच टाळले जाते तो विषय. शिक्षणासाठी वसतिगृहात राहणाऱ्या मुलाने मित्रांसमवेत मद्य घेतले आणि तो शुद्ध हरपून पडला, तर सोबत्यांचा पहिला विचार ‘त्याच्या घरी कळता कामा नये’ हाच असतो. ते त्याच्या डोक्यावर थंड पाणी ओततात, काळी कॉफी पाजतात आणि झोप झाली की उतरेल म्हणून उताणा निजवतात. यांपैकी कशानेही रक्तातील मद्य उतरत नाही. उताण्या स्थितीत उलटी श्वासनलिकेत जाऊन मृत्यू ओढवू शकतो. हलवून जाग येत नसेल, श्वास संथ किंवा घरघरता असेल, अंग गार आणि ओठ निळसर पडले असतील, तर ती झोप नव्हे. मद्य विषारी असण्याची शक्यता वेगळीच. २०१५ साली मुंबईत मालवणी येथे मिथेनॉलमिश्रित दारूने शंभरहून अधिक बळी घेतले. डोळ्यांपुढे धुके येणे हे त्याचे एक लक्षण आहे, आणि वेळीच सांगितले तर त्यावर उतारा आहे. मुलगा घरापासून दूर जाण्यापूर्वी वडिलांनी त्याला इतके जरूर सांगून ठेवावे की अशा रात्री आधी रुग्णवाहिका बोलवावी आणि घरच्यांच्या रागाची चिंता नंतर करावी.

पोलीस प्रकरणाच्या भीतीनेही अनेकांचा अमूल्य वेळ ओळखीच्या छोट्या दवाखान्यात जातो. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केले आहे की कायदेशीर सोपस्कारांसाठी तातडीचे उपचार थांबवता येत नाहीत. कोणी जाणूनबुजून काही घेतले असल्यास, अशी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा गृहीत धरतो आणि तिला शिक्षेपासून संरक्षण देतो. डॉक्टरांपासून खरे लपवण्याचे कारणच उरत नाही. रुग्ण सावरल्यावर, आणि मन काळवंडल्याची चाहूल लागताच त्याआधीही, १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

रुग्णवाहिकेसाठी १०८. दिल्लीच्या एम्स रुग्णालयातील राष्ट्रीय विषमाहिती केंद्र १८०० ११६ ११७ या क्रमांकावर अहोरात्र मार्गदर्शन करते. दुकानाच्या गल्ल्याजवळ भिंतीवर जे कॅलेंडर असते, त्याच्या कोपऱ्यात हे दोन्ही क्रमांक ठळक लिहून ठेवता येतील. निघताना डबी, बाटली किंवा रिकामी पाकिटे, असेल तसे सर्व सोबत घ्यावे. रुग्णालयाच्या दारात विचारले जाते ते तीनच प्रश्न: काय घेतले, किती घेतले, किती वाजता.