घरातलं कॉकपिट (भाग ४) : पायांना काम द्या

मागच्या तीन भागांत कॉम्प्युटरची निवड, स्क्रीनची उंची आणि ‘फ्लाइटगिअर’ हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर यांची माहिती आपण घेतली. साधी जॉयस्टिक टेबलावर आली की पुढचा मोह पॅनेलचा असतो. बटणं, दिवे, काटे! तो मोह या आठवड्यात बाजूला ठेवू आणि टेबलाखाली पाहू. कमी खर्चाच्या कॉकपिटमध्ये जॉयस्टिकनंतर लगेच करायची वस्तू म्हणजे रडरची (शेपटीच्या उभ्या पंखाच्या हलत्या भागाची) पेडलं. ती करायला सोपी आहेत, आणि विमान कसं उडतं हे त्यांच्याइतकं दुसरं काहीच शिकवत नाही.

पाय कशासाठी?

आपलं नमुना विमान सेसना १७२ आहे. १९५५ साली पहिल्यांदा उडालेलं हे चार आसनी विमान जगात सर्वाधिक संख्येने बनलं. जमिनीवर चालवताना त्याचं योक (वैमानिकाच्या हातातलं चाक) कितीही फिरवा, विमान वळत नाही. पुढचं चाक पेडलांना जोडलेलं असतं आणि त्यांच्या जोरावर ते दोन्ही बाजूंना साधारण १० अंश वळतं. याहून आखूड वळण हवं असेल तर त्या बाजूच्या पेडलाचा वरचा भाग दाबून एकाच चाकाला ब्रेक लावायचा.

धावपट्टीवर थ्रॉटल पूर्ण आत ढकललं की विमानाचं नाक डावीकडे जाऊ लागतं. पंखा वैमानिकाच्या जागेवरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. त्याने मागे फेकलेली हवा पीळ घेत जाते आणि शेपटीच्या उभ्या पंखावर डाव्या बाजूने आदळते. शेपूट उजवीकडे सरकते, म्हणजे नाक डावीकडे. शिवाय पंख्याच्या फिरण्याची प्रतिक्रिया विमानाला डावीकडे कलवू पाहते आणि डाव्या चाकावर भार वाढतो. यावर उपाय एकच : उजवा पाय.

हवेत गेल्यावरही पाय मोकळे होत नाहीत. डावीकडे वळण्यासाठी विमान डावीकडे कलवलं की उजव्या पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी, म्हणजे एलेरॉन, खाली झुकते. त्या पंखाची उचल वाढते, पण हवेचा अडथळाही वाढतो. परिणामी वळायचं डावीकडे आणि नाक क्षणभर उजवीकडे. हा विरोध रडर मोडून काढतो. पॅनेलवरच्या वक्र काचनळीतली काळी गोळी मधोमध असेल तर हातपाय जुळले. ती सरकली तर नियम सोपा आहे : गोळी ज्या बाजूला, त्या बाजूचा पाय दाबा.

पेडलं नसताना हे काही जाणवत नाही, कारण बहुतेक सिम्युलेटरमध्ये रडर आपोआप सांभाळण्याची सोय असते. नवख्याला ती बरी वाटते. प्रत्यक्षात विमानाचा निम्मा स्वभाव ती झाकून टाकते.

लाकूड चालतं का?

चालतं, आणि त्याला मोठी परंपरा आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनमध्ये एडविन लिंक यांच्या वडिलांचा ऑर्गन आणि पियानोंचा कारखाना होता. विमान शिकणं महाग पडतं म्हणून एडविननी १९२९ साली ऑर्गनचे भाते वापरून लाकडी ट्रेनर उभा केला. स्टिक आणि पेडलं हलवली की झडपा उघडत, भात्यांत हवेचा दाब बदले आणि डबा कलत असे. १९३४ साली टपाल नेताना लष्करी वैमानिकांचे बळी गेले, तेव्हा अमेरिकी लष्कराने प्रत्येकी ३,५०० डॉलरला असे सहा ट्रेनर घेतले. दुसऱ्या महायुद्धात पाच लाखांहून अधिक जण त्यावर शिकले. तो डबा विमानासारखा दिसत नव्हता. हातापायांना उत्तर मात्र बरोबर देत होता. आपली कसोटीही हीच.

एका फळीचं काम

दोन स्वतंत्र पेडलं करून ती आतून जोडणं किचकट असतं. जुन्या विमानांतला ‘रडर बार’ त्याहून सुटसुटीत. मधोमध खिळलेली एक आडवी फळी; एक पाय पुढे गेला की दुसरा आपोआप मागे येतो.

१८ मिमी प्लायवूडचा ६० × ४० सेंमी तळ घ्या. सुताराकडच्या उरलेल्या तुकड्यांत तो मिळून जातो. त्यावर ५० सेंमी लांबीची फळी ८ मिमीच्या बोल्टवर बसवा. भोकात ‘६०८’ नंबरचं बेअरिंग घाला. स्केटच्या चाकांत असतं तेच हे. आतून ८ आणि बाहेरून २२ मिमी. नुसत्या बोल्टवर फिरणारी फळी काही दिवसांत खडखडू लागते आणि मध्यभागी ढिली पडते. नेमकी तिथेच बारीक हालचाल लागते, म्हणून बेअरिंगवर काटकसर नको.

फळी दोन्ही बाजूंना २० अंश फिरली की पुरे. त्यापुढे जाऊ नये म्हणून तळावर रबरी अडसर लावा. दोन्ही टोकांकडून तळापर्यंत सारख्या ताणाच्या स्प्रिंगा ओढून घ्या, म्हणजे पाय सैल सोडले की फळी मध्यावर येईल.

सेन्सरची गोम

फळी किती फिरली हे कॉम्प्युटरला सांगण्याचं काम पोटेन्शिओमीटर करतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत ‘टेन के लिनिअर पॉट’ मागा. त्यावर ‘बी १० के’ लिहिलेलं असावं. ‘ए’ लिहिलेला पॉट आवाज कमीजास्त करण्यासाठी असतो. त्याची चढण समान नसते आणि पेडल एका बाजूला मंद, दुसऱ्या बाजूला तिखट होतं.

घरगुती पेडलं बहुतेक वेळा फसतात ती पुढच्या हिशेबात. पॉट सुमारे ३०० अंश फिरतो आणि पॉट वाचून कॉम्प्युटरला कळवणारा आर्डुइनो बोर्ड त्या फेरीच्या १,०२४ पायऱ्या मोजतो. फळी फिरते एकूण ४० अंश. पॉट थेट बोल्टला जोडला तर जेमतेम १३६ पायऱ्या हाती लागतात आणि विमान झटके घेत वळतं. म्हणून फळीखाली मध्यापासून ५ सेंमी त्रिज्येची लाकडी कमान बसवा आणि पॉटच्या दांड्यावर १६ मिमी व्यासाची पुली. कमानीच्या दोन टोकांना बांधलेल्या मजबूत दोऱ्याचा एक वेढा पुलीभोवती द्या. जुन्या रेडिओत स्टेशनचा काटा अशाच दोऱ्याने सरकत असे. आता फळीचे ४० अंश म्हणजे पॉटचे २५०, आणि पायऱ्या साडेआठशेच्या घरात.

बोर्ड घेताना ‘प्रो मायक्रो’ किंवा ‘लिओनार्डो’ घ्या. यांतली ‘एटीमेगा ३२यू४’ चिप यूएसबीवर स्वतःला जॉयस्टिक म्हणवून घेऊ शकते. सर्वत्र मिळणारा ‘उनो’ हे थेट करत नाही. पॉटची बाहेरची दोन टोकं ५ व्होल्ट आणि ग्राउंडला, मधलं बोर्डावरच्या ‘ए०’ पिनला. मधल्या टोकापासून ग्राउंडपर्यंत ‘१०४’ लिहिलेला छोटा कपॅसिटर लावला की आकड्यांची थरथर शमते. आर्डुइनोसाठी तयार जॉयस्टिक लायब्ररी फुकट मिळते; तिच्या उदाहरणातला रडरचा भाग घेतला की प्रोग्रॅम झाला. दिशा उलटी आली तर बाहेरच्या दोन तारांची अदलाबदल करा.

पॉट आणि कपॅसिटर काही दहा रुपयांत येतात, बोर्ड काही शे रुपयांत. तयार पेडलसंच हजारांत जातो.

खुर्ची पळू देऊ नका

उजवा पाय दाबला की चाकांची खुर्ची मागे जाते आणि सगळी अचूकता वाया जाते. चाकं काढा, किंवा तळापासून खुर्चीच्या पायापर्यंत न ताणणारा पट्टा बांधा. पेडल पूर्ण पुढे गेल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील इतकंच अंतर ठेवा.

या आठवड्याचा अभ्यास

सेटिंगमध्ये जाऊन आपोआप रडर बंद करा आणि पेडलं कॅलिब्रेट करा. जुहूच्या धावपट्टीवर सेसना उभी करा. पहिले दोन दिवस उड्डाण नकोच. मधल्या रेषेवरून नुसतं चालवा. मग थ्रॉटल हळूहळू पुढे न्या आणि नाक डावीकडे जाण्याआधी उजवा पाय दाबायला शिका. हवेत गेल्यावर ३० अंश कलून डावी-उजवी वळणं घ्या आणि गोळी मधे ठेवा. ते जमेपर्यंत पॅनेलवर एक रुपयाही खर्च करू नका. पुढच्या आठवड्यात थ्रॉटल आणि मिक्श्चरच्या मुठी करू. त्यासाठी ड्रॉवरचा एक जुना टेलिस्कोपिक चॅनल शोधून ठेवा.