पेल्यातलं कबरस्तान

ऑक्टोबर संपत आला की न्यू जर्सीतल्या कित्येक मराठी घरांत फ्रिजच्या दारावर दोन याद्या लागतात. एक फराळाची, दुसरी मुलांच्या हॅलोविन पार्टीची. २०२४ साली तर नरक चतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी, ३१ ऑक्टोबरला आले होते. चकल्यांचा घाणा चालू असताना ओव्हन तापवून केक करायला कुणाला सवड? अशा वेळी आठवतो तो डर्ट कप, म्हणजे मातीचा पेला. तळाशी चॉकलेट पुडिंग, वर काळ्या क्रीम बिस्किटांचा चुरा म्हणजे माती, मातीतून डोकं काढणारी जेलीची गांडुळं आणि कबरीवरच्या दगडासारखं उभं खोचलेलं एखादं लांबट बिस्कीट. भाजायचं काही नाही, आणि सजावट मुलंच करतात.

मला हा पदार्थ मनापासून आवडतो. म्हणूनच पुडिंग पातळ राहिलं, गुठळ्या झाल्या, असं म्हणून कुणी तो सोडून दिला की वाईट वाटतं. बहुतेक वेळा करणारीच्या हातात काहीच खोट नसते. कुठूनतरी ऐकलेली एखादी समजूत आड येते.

‘न भाजता म्हणजे गॅस न पेटवता’

ओव्हन लागत नाही एवढाच त्याचा अर्थ. घरी केलेलं पुडिंग घट्ट होतं ते कॉर्नफ्लोअरमुळे, आणि कॉर्नफ्लोअरला उकळी लागतेच. त्याचे कण गरम दुधात पाणी शोषून फुगतात, फुटतात आणि सगळं मिश्रण धरून ठेवतात. ही क्रिया साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास सुरू होते, पण तिथेच गॅस बंद केला तर पिठूळ चव राहते आणि फ्रिजमध्ये पुडिंगला पाणी सुटतं. बुडबुडे यायला लागल्यावर मिनिटभर ढवळत राहायचं. आपण खीर किंवा कढी आटवताना जसं तळ खरवडत ढवळतो, तसंच.

दहा-बारा छोट्या पेल्यांसाठी माझं प्रमाण असं: एक लिटर दूध, दीडशे ग्रॅम साखर, साठ ग्रॅम कोको, साठ ग्रॅम कॉर्नफ्लोअर, चिमूटभर मीठ. कोको, साखर आणि कॉर्नफ्लोअर आधी कोरडंच एकत्र चाळायचं, मग थोड्या थंड दुधात कालवायचं आणि उरलेलं दूध तापलं की त्यात सोडायचं. कोरडं पीठ गरम दुधात थेट टाकलं की प्रत्येक गोळ्याचं बाहेरचं आवरण आधी शिजतं आणि आतलं पीठ कोरडंच अडकून बसतं. त्यालाच आपण गुठळी म्हणतो.

इथे अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी एक धोक्याची सूचना. आपण भारतात ज्या पांढऱ्याशुभ्र पिठाला कॉर्नफ्लोअर म्हणतो, त्याचं इथलं नाव कॉर्नस्टार्च. इथल्या दुकानात ‘कॉर्न फ्लोअर’ मागितलं तर मक्याचं पीठ हाती पडतं. त्याचं पुडिंग होत नाही, चॉकलेटी लापशी होते.

‘घट्ट झालं, आता चमच्याने चाखत राहायला हरकत नाही’

हरकत आहे, आणि ती फक्त उष्ट्याची नाही. आपल्या लाळेत अमायलेज नावाचं विकर असतं आणि त्याचं कामच मुळी स्टार्च तोडायचं. चाखलेला चमचा गार झालेल्या पुडिंगमध्ये परत बुडवला की ते विकर आत जातं आणि घट्ट बसलेलं पुडिंग पातळ होऊ लागतं. कच्च्या अंड्याच्या बलकातही हेच विकर असतं. म्हणून बलक घातलेलं पुडिंग उकळी न आणता उतरवलं, तर रात्री छान दिसतं आणि सकाळी ओघळतं. उष्टा चमचा भांड्यात घालू नये हा आजीचा दंडक इथे रसायनशास्त्रालाही मान्य आहे.

गार झालेलं पुडिंग जोरजोरात घोटलं तरी त्याची बसलेली घडी मोडते. ढवळायचं ते गरम असताना.

‘इन्स्टंट पुडिंग कुठल्याही दुधात बसतं’

पाकिटातलं इन्स्टंट पुडिंग खरोखरच थंड दुधात, गॅसशिवाय घट्ट होतं. त्यातलं स्टार्च आधीच शिजवून सुकवलेलं असतं आणि जोडीला फॉस्फेटचे क्षार असतात. हे क्षार गाई-म्हशीच्या दुधातल्या प्रथिनांशी जुळून घट्टपणा आणतात. बदामाच्या किंवा सोयाच्या दुधात तो जोडीदारच भेटत नाही, म्हणून मिश्रण सैल राहतं. वनस्पतिजन्य दूध वापरायचं असेल तर सरळ गॅसवर कॉर्नफ्लोअरचं पुडिंग करावं. ते बदामाच्या दुधातही बसतं.

‘गांडुळं जेलीची, म्हणजे शाकाहारी’

या समजुतीपाशी थोडं थांबायला हवं, कारण इथे फसगत झाली की जेवणाचा नाही, विश्वासाचा प्रश्न येतो. दुकानातली चघळायची गांडुळं आणि मार्शमेलो बहुतेक वेळा जिलेटिनवर बनतात, आणि जिलेटिन येतं जनावरांच्या कातडी-हाडांतून. भारतात पाकिटावर हिरवा ठिपका बघायची आपल्याला सवय असते. अमेरिकेतल्या पाकिटांवर तो नसतो, त्यामुळे घटकांची यादी वाचण्याला पर्याय नाही. पेक्टिनवर केलेल्या गोळ्या मिळतात. पेक्टिन फळांपासून निघतं, त्या चालतात.

घरी करायची तर चायना ग्रास घ्यावं, म्हणजेच अगार. ते समुद्री शेवाळापासून येतं. पण ‘जिलेटिनच्या जागी तेवढंच चायना ग्रास’ हाही गैरसमजच. जिलेटिन कोमट पाण्यातही विरघळतं, चायना ग्रासला खळखळून उकळावं लागतं. जिलेटिनपेक्षा ते खूपच कमी लागतं, आणि त्याची जेली लवचीक नसते, चटकन तुटते. त्यामुळे ताणता येणारी गांडुळं त्यातून होणार नाहीत, हे मुलांना आधीच सांगितलेलं बरं. हिरवी चिकट जेली, डोळे, कापलेले तुकडे मात्र झकास होतात. शिवाय चायना ग्रास साधारण ३५ ते ४० अंशांवर बसतं आणि एकदा बसलं की जवळपास ८५ अंशांपर्यंत वितळत नाही. जिलेटिन मात्र अंगाच्या उबेनेच विरघळू लागतं. गर्दीच्या, उबदार खोलीत टेबलावर तासभर राहायचं असेल तर चायना ग्रासच टिकतं.

जिलेटिनच्या जेलीत ताजा अननस, पपई किंवा किवी घातला तर ती बसतच नाही. या फळांतली विकरं प्रथिनं तोडतात आणि जिलेटिन हे प्रथिनच आहे. डबाबंद अननस चालतो, कारण डबा भरताना तापवल्याने विकर निकामी झालेलं असतं.

‘चॉकलेट घट्ट वाटलं तर थोडं पाणी घालावं’

पेल्यांशेजारी मांडायला पांढऱ्या चॉकलेटात बुडवलेली स्ट्रॉबेरी, वर चॉकलेटचे दोन डोळे, झालं भूत. फार सुंदर दिसतं. पण वितळलेल्या चॉकलेटात पाण्याचे चार थेंब पडले की साखर आणि दुधाचे कोरडे कण त्या ओलाव्याला चिकटून गोळा होतात आणि सगळं रवाळ, आखडलेलं होतं. सैल करायचं तर चमचाभर खोबरेल किंवा साधं तेल घालावं. वाटी कोरडी हवी, स्ट्रॉबेरी धुऊन पुसून पूर्ण सुकवलेली हवी, आणि रंग घालायचा तर तेलात मिसळणारा. पाण्यातला खाण्याचा रंगही तोच घोटाळा करतो.

‘काळं करायला कोळसा’

ॲक्टिव्हेटेड चारकोल घातलेली काळीकुट्ट आइस्क्रीम समाजमाध्यमांवर बघून बऱ्याच जणांना तो मोह होतो. विषबाधेवर डॉक्टर हा कोळसा देतात, कारण तो पोटातली द्रव्यं स्वतःला चिकटवून घेतो. तो औषधांनाही तसंच चिकटवून घेतो. एखाद्या मुलाचं किंवा आजोबांचं रोजचं औषध त्यामुळे नीट लागू पडणार नाही. न्यू यॉर्क शहराच्या आरोग्य खात्याने २०१८ मध्ये उपाहारगृहांतला त्याचा वापर थांबवायला लावला होता. काळ्या मातीला त्याची गरजही नाही. क्षारप्रक्रिया केलेला, ‘डच’ म्हणून मिळणारा कोको पुडिंग गडद करतो आणि काळ्या क्रीम बिस्किटांचा रंगही तशाच कोकोतून येतो.

धूर काढायला शुष्क बर्फ आणणार असाल तर तो उणे ७८ अंशांचा असतो हे लक्षात असू द्या. मुलांच्या पेल्यात तो कधीही टाकायचा नाही, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवायचा नाही, आणि खिडकी उघडी हवी.

‘गरम भांडं फ्रिजमध्ये ठेवलं की नासतं’

उलट, ओट्यावर तासन्‌तास राहिलेलं दूध नासतं. अमेरिकी अन्नसुरक्षेचा नियम असा की असे पदार्थ दोन तासांहून अधिक काळ बाहेर राहू नयेत. मोठं पातेलं निवायची वाट बघण्यापेक्षा पुडिंग लगेच छोट्या पेल्यांत ओतावं, वाफ थोडी गेली की फ्रिजमध्ये. पेल्यांत ते लवकर गार होतं. साय नको असेल तर प्लास्टिकचा पातळ कागद पुडिंगला टेकवूनच झाकायचा. बसायला तीन-चार तास तरी द्यायला हवेत. घाईने फ्रीझरमध्ये ठेवलं तर बर्फाचे खडे होतात आणि बाहेर काढल्यावर पाणी सुटतं.

आणखी एक. ‘भाजायचं नाही’ म्हणून कच्च्या मैद्याचे गोळे करून खायची नवी आवड अजिबात बिनधोक नाही. कच्चं पीठ म्हणजे कच्चा पदार्थ. २०१६ मध्ये अमेरिकेत मैद्यातूनच ई. कोलाय जंतूंची साथ पसरली होती. बिस्किटांचा चुरा आधीच भाजलेला असतो, तो वापरावा.

‘अनोळखी लोक मुलांना विषारी गोळ्या देतात’, ‘साखरेने मुलं बेभान होतात’

समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८ पासूनच्या हॅलोविनच्या नोंदी तपासल्या. अनोळखी माणसाने वाटलेल्या खाऊतून मूल दगावल्याचं एकही सिद्ध प्रकरण त्यांना सापडलं नाही. १९७४ मध्ये टेक्सासमध्ये विषाने मूल दगावलं, पण ते विष देणारा त्याचा स्वतःचा बाप होता. साखरेबद्दलही १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एकत्रित अभ्यासात मुलांच्या वागण्यावर तिचा परिणाम दिसला नाही. मुलं बेभान होतात ती पार्टीने.

खरी काळजी ॲलर्जीची. शेंगदाणा, काजू-बदाम, दूध, गहू, आणि २०२३ पासून अमेरिकी लेबलांवर सक्तीने लिहावा लागणारा तीळ. कुणाला काय चालत नाही हे पालकांना आधी विचारावं, आणि त्या मुलाचा पेला वेगळ्या चमच्याने, सगळ्यांच्या आधी भरून नाव लिहून ठेवावा.

मग मुलं यायच्या दहा मिनिटं आधी पेले बाहेर काढायचे. चुरा तेव्हाच घालायचा, नाहीतर पुडिंगचा ओलावा शोषून माती चिखल होते. कबरीचा दगड अगदी शेवटी खोचायचा, आणि त्यावर कुणाचं नाव लिहायचं ते मुलांना ठरवू द्यायचं.