परदेशांतील वैद्यकीय शिक्षण : त्याची पारख कशी करावी ?

मुलीचें स्थळ पाहतांना आमच्या घरांत जी चौकशी होते तिला तोड नाहीं. मुलाचें शिक्षण, प्राप्ति, आईबापांचा स्वभाव, घराण्यांतील आजार, इतकेंच काय पण त्याच्या आजोळची रीतभातहि चार ठिकाणीं विचारून पाहिली जाते. परंतु त्याच मुलीस वैद्यकीय शिक्षणाकरितां सहा वर्षें बिश्केक, ताश्कंद, तिबिलिसी अगर कझान येथें धाडावयाचें म्हटलें, म्हणजे मध्यस्थाच्या कचेरींत मिळालेलें एक रंगीत माहितीपत्रक आणि ओळखीच्या कोणाचा तरी मुलगा तेथें शिकत आहे ही बातमी, एवढ्यावर निर्णय होऊन जातो. त्यासाठीं वडिलांच्या ठेवी मोडतात, आजोबांच्या नांवची जमीन क्वचित् विकली जाते, आणि मुलीच्या आयुष्यांतील ऐन उमेदीचीं वर्षें पणास लागतात. तेव्हां परदेशांतील वैद्यकीय विद्यालय चांगलें कीं वाईट हें घरबसल्या ओळखतां येईल काय, आणि येत असल्यास कोणत्या कसोटीनें, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

मुलांचा ओघ परदेशाकडे कां वळला हें समजणें कठीण नाहीं. २०२४ सालीं आपल्या देशांत वैद्यकीय प्रवेशपरीक्षेस २३ लाखांहून अधिक मुलें बसलीं. एम्. बी. बी. एस्.च्या जागा त्या वेळीं १ लाख १० हजारांच्या आसपास होत्या, आणि त्यांपैकीं सुमारें निम्म्याच सरकारी महाविद्यालयांतील. सरकारी जागा थोडक्यानें हुकलेल्या मुलाच्या बापास खासगी महाविद्यालयाचें शुल्क ऐकून घाम फुटतो. परदेशांतील खर्च कित्येकदां त्याच्या निम्म्याहूनहि कमी असतो. अशा स्थितींत मध्यम स्थितींतील कुटुंब तिकडे वळलें तर त्यास नांवें ठेवणें योग्य नव्हे. मात्र स्वस्त तें वाईट आणि महाग तें चांगलें, हा हिशेब जसा चुकीचा, तसाच स्वस्त मिळतें आहे म्हणून तें चालेल, हा हिशेबहि चुकीचाच.

अशा वेळीं आपल्या घरांत आनंदीबाई जोशी यांचें नांव हटकून निघतें. १८८३ सालीं अठरा वर्षांची ती मुलगी फिलाडेल्फियास गेली आणि १८८६ च्या मार्चमध्यें एम्. डी. झाली, मग आपल्या मुलीनें कां जाऊं नये, असें कोणी तरी म्हणतेंच. दाखला उत्तम आहे. पण आनंदीबाईंचें धाडस सांगतांना, ज्या विद्यालयांत त्या शिकल्या त्याची गोष्ट सांगावयाची राहून जाते. तें स्त्रियांचें विद्यालय १८५० सालीं निघालें. त्यांतील विद्यार्थिनींस शहरांतील रुग्णालयांचीं दारें सहसा उघडत नसत. केवळ व्याख्यानें ऐकून वैद्य होतां येत नाहीं हें अॅन प्रेस्टन या तेथल्याच एका विदुषीनें ओळखलें, आणि तिच्या पुढाकारानें १८६१ सालीं त्या शहरांत स्त्रियांचें स्वतंत्र रुग्णालय निघालें. विद्यार्थिनींस रोगी पाहावयास मिळावे हा त्याचा एक मुख्य हेतु होता. म्हणजे आनंदीबाई तेथें जाण्यापूर्वीं वीस बावीस वर्षें त्या विद्यालयाच्या चालकांनीं खऱ्या प्रश्नास हात घातला होता.

तो प्रश्न पुढें अब्राहम फ्लेक्स्नर या गृहस्थानें साऱ्या जगापुढें मांडला. फ्लेक्स्नर वैद्य नव्हता, शाळामास्तर होता. कार्नेगी संस्थेच्या सांगण्यावरून त्यानें अमेरिका व कॅनडा येथील १५५ वैद्यकीय विद्यालयें पाहिलीं आणि १९१० सालीं आपला अहवाल प्रसिद्ध केला. प्रत्येक ठिकाणीं तो ठराविक गोष्टी विचारी : मुलें कोणत्या तयारीनें घेतां, शिक्षक किती व कसे, पैसा कोठून येतो, प्रयोगशाळा कशा आहेत, आणि रुग्णालयांत विद्यार्थ्यांस खरोखर प्रवेश आहे काय. आयोवा राज्यांतील डे मॉइन या शहरांतली एक गंमत त्यानेंच पुढें लिहून ठेवली आहे. तेथील एका विद्यालयांत दारोदार शरीररचना, इंद्रियविज्ञान अशा पाट्या होत्या, पण सर्व दारांस कुलपें, आणि किल्ल्या असलेला रखवालदार कांहीं सांपडेना. फ्लेक्स्नरनें समाधान दाखविलें. प्रमुखानें त्यास स्टेशनावर पोंचविलें. प्रमुखाची पाठ फिरतांच हा परत आला, रखवालदारास पांच डॉलर दिले आणि एकेक दार उघडवून घेतलें. आंत एक मेज, खुर्च्या आणि एक लहानसा फळा यांखेरीज कांहीं नव्हतें ! त्या अहवालानें व इतर कारणांनीं पुढील पंचवीस वर्षांत तेथील वैद्यकीय विद्यालयांची संख्या सुमारें निम्म्यावर आली.

माहितीपत्रक हीहि एक पाटीच असते. दार उघडून पाहावयाचें तें रुग्णालयाचें. आणि येथें आमच्या मुलांपुढें जी अडचण उभी राहते ती आनंदीबाईंच्या वेळेहून निराळी आहे. वर्गांतील व्याख्यानें इंग्रजींत होतात हें खरें, परंतु खाटेवरील रोगी इंग्रजी बोलत नाहीं. कझानचा रोगी रशियन किंवा तातार भाषेंत कण्हतो, तिबिलिसीचा जॉर्जियन भाषेंत, चीनमधील चिनी भाषेंत. दुखणें केव्हां सुरू झालें, कोठें सरकलें, कशानें वाढतें, हें रोग्याच्या तोंडून काढून घेणें हीच वैद्यकाची पहिली विद्या. ज्यास रोग्याचें बोलणें कळत नाहीं, तो खाटेपाशीं उभा राहिला तरी दुभाष्यामागें उभा असतो. म्हणून ज्या मुलांनीं पहिल्या दोन वर्षांतच तेथील भाषा मन लावून आत्मसात् केली त्यांस तीं सहा वर्षें फळास आलीं, आणि ज्यांनीं वसतिगृहांत आपल्याच मंडळींत दिवस काढले त्यांच्या हातीं पुस्तकें तेवढीं राहिलीं.

यापुढील गोष्ट कायद्याची. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानें नोव्हेंबर २०२१ मध्यें जे नियम केले ते प्रत्येक पालकानें स्वतः वाचावेत. त्यांप्रमाणें अभ्यासक्रम निदान ५४ महिन्यांचा व इंग्रजी माध्यमाचा हवा, शिवाय त्याच संस्थेंत १२ महिन्यांची उमेदवारी हवी, आणि परत आल्यावर येथें आणखी १२ महिन्यांची. सर्व शिक्षण एकाच संस्थेंत झालें पाहिजे, मध्येंच दुसऱ्या देशांतील संस्थेंत जातां येत नाहीं. सर्व मिळून दहा वर्षांत पुरें झालें पाहिजे. आणि महत्त्वाचें म्हणजे त्या पदवीनें त्या देशांत तेथील नागरिकाप्रमाणें वैद्यकी करण्याचा परवाना मिळण्याजोगा असला पाहिजे. ज्या पदवीवर खुद्द तो देश आपला रोगी सोंपवीत नाहीं, तिच्यावर आपण कां सोंपवावा, असा त्याचा सरळ अर्थ आहे. मध्यस्थ “मान्यताप्राप्त” हा शब्द फार वापरतात. आयोग परदेशी विद्यालयांची अशी मान्य यादी ठेवीत नाहीं, आणि जगांतील वैद्यकीय विद्यालयांची जी सूचि प्रसिद्ध आहे तींत नांव असणें म्हणजे दर्जाची हमी नव्हे, असें त्या सूचीचे चालक स्वतःच सांगतात.

परत आलेल्यांची पारख २००२ सालापासून चाळणी परीक्षेनें होते. प्रश्न ३००, उत्तीर्ण होण्यास १५० गुण, चुकलेल्या उत्तरास दंड नाहीं. तरीहि गेल्या दहा वर्षांत उत्तीर्णांचें प्रमाण बहुधा शेंकडा १० ते ३० च्या दरम्यान राहिलें. या आंकड्यांत पुनःपुन्हां बसणारे असतात हें लक्षांत घेऊनहि तो आंकडा विचार करावयास लावणारा आहे. सहा वर्षें परदेशीं, परीक्षेच्या तयारीचीं एक दोन, उमेदवारीचें एक, असा हिशेब घरांत आधींच मांडलेला बरा.

शिवाय परदेश म्हणजे परदेश. २०२० मध्यें साथीमुळें चीनचीं दारें मिटलीं तीं २०२२ च्या उत्तरार्धापर्यंत विद्यार्थ्यांस उघडलीं नाहींत. फेब्रुवारी २०२२ मध्यें युक्रेनमधील युद्धानें वीस हजारांहून अधिक भारतीयांस मायदेशीं आणावें लागलें, त्यांत बहुसंख्य वैद्यकाचे विद्यार्थी होते. ज्यांचें शेवटचें वर्ष असें घरीं पडद्यासमोर बसून झालें, त्यांस आयोगानें एकाऐवजीं दोन वर्षें उमेदवारी करावयास लाविली. मुलांस तें जड गेलें, पण रोग्याची उणीव रोग्यानेंच भरून निघते हें त्यांतील तत्त्व खोटें म्हणतां येणार नाहीं.

आमच्या देशांतील सर्वच विद्यालयें निर्मळ आहेत असें म्हणण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. तपासणीच्या दिवसापुरते रोगी आणून खाटा भरण्याचे प्रकार येथेंहि उघडकीस आलेले आहेत. म्हणून कसोटी एकच असावी, देशी काय किंवा परदेशी काय. तेथें शिकत असलेल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यास, मध्यस्थानें गांठ घालून दिलेल्या नव्हे, आपण शोधून काढलेल्या विद्यार्थ्यास, एवढेंच विचारावें : गेल्या आठवड्यांत तूं स्वतः किती रोगी तपासलेस ? कोणत्या भाषेंत ? तुझ्या मागें शिक्षक उभा होता काय ? तुझ्या वरच्या वर्गांतील किती जण चाळणींतून पार पडले ? उत्तरें चांचरत आलीं, तर शुल्क कितीहि कमी असो, तें महागच समजावें.

आणि शेवटीं ज्याला जावयाचें त्यालाहि विचारावें. काकांचा दवाखाना पुढें कोणी चालवावा, किंवा घरांत एक तरी डॉक्टर हवा, ही घराची हौस असते. सहा वर्षें परक्या भाषेंत रोग्याशीं बोलावयाचें कष्ट मात्र त्या मुलाचेच असतात. त्याची तेवढी तयारी असेल, भाषा शिकण्याची चिकाटी असेल, तर त्यानें अवश्य जावें. नसेल, तर आणखी एक वर्ष येथेंच परीक्षेची तयारी करावी, अथवा दुसरी एखादी विद्या घ्यावी. त्यांत घराण्यास कमीपणा नाहीं. ठेवी मोडण्यापूर्वीं एवढी चौकशी घरांतील सर्वांनीं मिळून करावी, इतकीच आमची वाचकांस विनंति.