रिद्धपूरच्या आठवणी ‘प्रमाण’ कशा झाल्या?

नव्या करारातल्या २७ पुस्तकांची नेमकी यादी इ.स. ३६७ मध्ये अथनेशियसच्या ईस्टरपत्रात दिसते. म्हणजे लिखाण आधी, मान्यता कितीतरी नंतर. पण हे समजून घ्यायला एवढं लांब कशाला जायचं? अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर आहे की!

चक्रधरस्वामी उत्तरेकडे निघून गेल्यावर म्हाइंभटांनी एकेका शिष्याला गाठून आठवणी विचारल्या, नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या. त्यातून तेराव्या शतकाच्या अखेरीस लीळाचरित्र उभं राहिलं. मग केसोबासांनी त्यातली स्वामींची वचनं तेवढी वेगळी काढली, तो सूत्रपाठ. पंथात स्वामींचं वचन ती श्रुती, नागदेवाचार्यांचं ती स्मृती, नंतरच्यांचा तो वृद्धाचार. कोण बोललं, यावर प्रमाणाची पायरी ठरते.

खरी गंमत पुढे आहे. मूळ पोथी धामधुमीत गेली आणि ग्रंथ आठवणीतून पुन्हा लिहावा लागला. म्हणून त्याचे वेगवेगळे ‘पाठ’ झाले. हिराइसेचा पाठ त्यातलाच. तेव्हा प्रबंधात नुसतं ‘लीळाचरित्रात म्हटलंय’ असं लिहू नका. कोणता पाठ, कोणाची संपादित प्रत, ते सांगा. मी विज्ञानशाखेचा असूनही माझ्या पहिल्या टिपणात नेमकं हेच राहिलं होतं. प्रयोगवहीत नमुन्याचा क्रमांकच न लिहिल्यासारखं.