हाताला गुण असलेल्या बाया

यवतमाळ जिल्ह्यात कुठेही गेले की माझा एक प्रश्न ठरलेला असतो: पूर्वी तुमच्याकडे बाळंतपणं कोण करायचं? पांढरकवड्याकडचे कोलामांचे पोड म्हणजे पाडे असोत, पुसदकडचे बंजारा तांडे असोत की दिग्रस-दारव्ह्याची भरवस्तीची गावं, म्हाताऱ्या बाया क्षणात एखादं नाव घेतात आणि लगेच पुस्ती जोडतात, "तिच्या हाताले गुण होता." किती वर्षं ऐकते आहे, कंटाळा म्हणून येत नाही. हा गुण येतो कुठून आणि एखादीला हे काम आपलं का वाटू लागतं, याचा मला छंदच लागला आहे.

ठरवून सुईण झालेली बाई मला क्वचितच भेटली. बहुतेक जणी सासूबरोबर कंदील धरायला म्हणून जायच्या. मग एखाद्या पावसाळी रात्री सासू तापाने फणफणलेली, नाल्याला पूर, आणि कळा देणाऱ्या बाईजवळ हिच्याशिवाय कुणीच नाही. बाई सुखरूप मोकळी झाली की दुसऱ्या दिवसापासून लोक हिच्याच दाराशी. मोबदला म्हणजे लुगडं-चोळी आणि थोडी ज्वारी. पण रात्री-बेरात्री हाक आली की न जाणं तिला जमायचं नाही, आणि माझ्या मते खरी ओढ म्हणतात ती हीच.

ही ओढ कुणाला घरातूनच लागते: कर्नाटकातल्या पावगड तालुक्यातल्या नरसम्मा हे काम आजीच्या हाताखाली शिकल्या. त्यांनी १५,००० हून अधिक बाळंतपणं केली आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या आनंदीबाई जोशींना मात्र या वाटेवर दुःखाने आणलं. चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं बाळ अवघे दहा दिवस जगलं. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात एम.डी. होताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. अमेरिकेत शिकायला गेलेली मुलगी कोणताही विषय घेऊ शकत होती. तिने बाळंतिणीची खोली निवडली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता माझ्या सगळ्यात आवडीच्या गोष्टीकडे येते. घाटंजीकडे एका आजींना मी नातसुनेचं पोट बघताना पाहिलं. आधी त्यांनी तळहात एकमेकांवर चोळून ऊन केले. मग पोटाकडे न बघता, नजर दाराबाहेर ठेवून, दोन्ही हात बेंबीच्या वर टेकवले. वरून खाली, मग दोन्ही कुशींना, मग ओटीपोटाशी. डोकं कुठलं आणि बूड कुठलं हे कसं कळतं, असं मी विचारलं. डोकं टणक असतं आणि बोटांत एकटंच टकटक हलतं, बूड हललं तर सगळं अंग घेऊन हलतं, हे त्यांचं उत्तर. नर्सिंगच्या पुस्तकात हीच तपासणी लिओपोल्ड या जर्मन डॉक्टरच्या नावाने चार पायऱ्यांत दिली आहे. आजींनी लिओपोल्डचं नावही ऐकलेलं नव्हतं. पुढे उपकेंद्रातल्या नर्सताईंनी त्याच नातसुनेच्या पोटाला नळी लावून बाळाचे ठोके मोजले. मिनिटाला ११० ते १६० ठीक, हे बरोबर आलेल्या सासूला समजावून सांगितलं आणि हातानेही पोट तपासलं. निदान दोघींचं एकच: डोकं खाली.

दुसरी गोष्ट नाळेची. वार पडेपर्यंत नाळ कापायची नाही, ही जुन्या सुईणींची रीत. दवाखान्यांत बरीच वर्षं बाळ बाहेर येताच चिमटा लावून नाळ कापत. आता जागतिक आरोग्य संघटना सांगते की निदान एक मिनिट थांबा. त्या मिनिट-दोन मिनिटांत वारेतलं सुमारे ८० ते १०० मिलिलिटर रक्त बाळाकडे जातं आणि त्यातलं लोह त्याला पुढचे काही महिने पुरतं. रक्त कमी असलेल्या आयांच्या मुलखात ही शिदोरी लहान नव्हे.

पण सुईणीची आरती ओवाळून भागत नाही. विळ्याने किंवा गंजक्या पात्याने नाळ कापल्यामुळे धनुर्वात होऊन किती बाळं गेली! वार पडल्यावर रक्त थांबलं नाही तर दोन-चार तासांत बाई हातची जाते, तिथे हातगुण पुरत नाही. इंजेक्शन, रक्ताची पिशवी आणि वेळेवर गाडी लागते. म्हणून कुठवर थांबायचं आणि कुठे थांबायचं नाही, हे जिला कळतं तिलाच मी पुरी सुईण म्हणेन.

सरकारी बाजू थोडक्यात सांगते. सपाटीवर ५,००० आणि आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, तिथे एएनएम, म्हणजे नर्सताई. २००५ पासून आशाताई आणि जननी सुरक्षा योजना. दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, जीव वाचले, हे मोठंच काम झालं. त्या ओघात दाई मात्र मागे पडली आणि तिच्याजवळचं शहाणपण कुणी विचारलंच नाही.

ते विचारायची वेळ आता आली आहे. पैनगंगेपलीकडे तेलंगणाने २०१७ मध्ये करीमनगरच्या सरकारी रुग्णालयात प्रशिक्षित नर्सेसना अठरा महिन्यांचं मिडवाइफचं शिक्षण द्यायला सुरुवात केली. हैदराबादच्या फर्नांडिस हॉस्पिटलने त्याही आधी, २०११ पासून, ही वाट पाडली होती. २०१८ मध्ये केंद्रानेही देशभरासाठी मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. सरळ बाळंतपण मिडवाइफने करायचं, अडलं की डॉक्टरने, अशी ही विभागणी. बाळंतिणीशेजारी बसून राहणं, पाठ चोळणं, तिला हवं तसं उठू-बसू-चालू देणं हा या अभ्यासाचाच भाग आहे. आमच्या आज्या यासाठीच ओळखल्या जायच्या.

यवतमाळला १९८९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. हा जिल्हा सोळा तालुक्यांचा, आणि इथल्या मुली नर्सिंगला जातात. त्यातल्या कितीतरी जणी नोकरी म्हणून जातात आणि पहिल्या बाळंतपणानंतर त्या कामाच्याच होऊन बसतात, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं आहे. अशा मुलींसाठी मिडवाइफचा अभ्यासक्रम यवतमाळातच हवा. झरी-जामणीतल्या पोडावरची मुलगी त्यात हवी, कारण कोलामी बोलणाऱ्या बाळंतिणीला धीर तिच्याच भाषेत द्यावा लागतो. आणि घाटंजीच्या त्या आजींसारख्या ज्या थोड्या उरल्या आहेत, त्यांना मानधन देऊन एखाद्या तासाला शिकवायला बोलवावं. त्यांच्या हातांना जे कळतं ते या मुलींनी त्यांच्या शेजारी बसून शिकावं, आणि ते लवकर व्हावं.