ह्र्वात: एका नावाचा माग

आपण ज्यांना क्रोएशियन म्हणतो, ते स्वतःला ‘ह्र्वात’ म्हणवतात आणि देशाला ‘ह्र्वात्स्का’. ‘क्रोएशिया’ हे त्याच नावाचं लॅटिन वळण. ड्यूक त्रपिमीरच्या 852 सालच्या सनदेत हे नाव येतं खरं, पण सनदेची मूळ प्रत उरलेली नाही. हाती आहे ती पुष्कळ नंतरची नक्कल. त्यामुळे मला जास्त भरवशाचा वाटतो तो शोपोत गावी सापडलेला फुटका शिलालेख. नवव्या शतकाच्या अखेरीस राज्य करणाऱ्या ब्रानिमीरला त्यात ‘दुक्स क्रुआतोरुम’, म्हणजे क्रोएशियनांचा ड्यूक म्हटलंय. सुमारे 1100 सालच्या बाश्का शिलालेखावर ग्लागोलिती लिपीत, त्यांच्याच भाषेत, झ्वोनिमीर ‘क्रोएशियन राजा’ म्हणून भेटतो.

पण नाव आलं कुठून? दहाव्या शतकातला बायझंटाइन सम्राट कॉन्स्टंटाइन सातवा पाच भाऊ आणि दोन बहिणींची कथा सांगतो; त्यातल्या एका भावाचं नाव ख्रोबातोस. हे नाव स्लाव वाटत नाही, म्हणून अनेक अभ्यासक इराणी मुळाकडे वळतात. डॉन नदीच्या मुखाजवळच्या तानाइस इथल्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातल्या ग्रीक लेखांत ‘खोरोआथोस’ हे माणसाचं नाव आढळतं. काहीजण तर थेट अवेस्तातल्या ‘हरख्वैती’पर्यंत, म्हणजे आपल्या ‘सरस्वती’च्या भाषिक बहिणीपर्यंत पोचतात. मोह पडण्याजोगी कल्पना, पण पुरावा तोकडा.

टायचा पूर्वज ‘क्रावात’ मात्र निर्विवाद त्यांचाच: सतराव्या शतकात क्रोएशियन सैनिकांच्या गळ्यातला रुमाल फ्रेंचांनी उचलला, नावासकट.