आर्ट्सला जायचंय? मग आधी हे वाचा



गेल्या वर्षी पुण्याहून आलेल्या आमच्या सासूबाईंनी शेजारच्या सातवीतल्या मुलाला "मी कॉलेजला निघालो" म्हणताना ऐकलं आणि त्या चकितच झाल्या. एवढासा पोरगा आणि कॉलेज? त्यांचं काही चुकलं नव्हतं. आपल्या क्रेगीबर्नमध्ये सेकंडरी कॉलेज म्हणजे हायस्कूल. विद्यापीठात गेलं की तिथे कॉलेज म्हणजे मुलांची राहायची जागा, आपलं वसतिगृह. त्यात अमेरिकेतली भाची फोनवर सांगते की ती 'लिबरल आर्ट्स कॉलेज'ला आहे. मग गोंधळ होणारच!

हा विषय घेण्याचं कारण म्हणजे गणपतीच्या कार्यक्रमात दोन घरांतून एकच प्रश्न आला. मुलगी हुशार आहे, इतिहास किंवा समाजशास्त्र शिकायचं म्हणते, आणि वडील म्हणतात, "एवढ्या लांब येऊन आर्ट्स?" त्यावर माझं मत पुढे येईलच. आधी माहिती.

अमेरिकेतलं लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणजे छोटं, फार तर काही हजार विद्यार्थ्यांचं कॉलेज. प्राध्यापक मुलांना नावानिशी ओळखतात, आणि एक मुख्य विषय ठरवण्याआधी साहित्य, विज्ञान, तत्त्वज्ञान असं सगळं थोडं थोडं शिकावं लागतं. बहुतेक खाजगी असतात, पण काही सरकारीही आहेत, उदाहरणार्थ मेरीलँडमधलं सेंट मेरीज कॉलेज. आपल्याला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. १८८५ साली पुण्यात फर्ग्युसन कॉलेज निघालं तेव्हा ते असंच लहान होतं. गोपाळ कृष्ण गोखले तिथे इंग्रजी शिकवायचे, गणितही शिकवायचे, आणि पुढे इतिहास आणि अर्थशास्त्रही. आज कुणी एवढे विषय शिकवतो म्हटलं तर आपण त्याच्याकडे संशयाने बघू!

ऑस्ट्रेलियात लिबरल आर्ट्ससाठी वेगळं सरकारी कॉलेज नाही. सिडनीकडे कॅम्पियन नावाचं एक आहे, २००६ साली सुरू झालेलं, पण ते कॅथलिक आणि खाजगी. इथे हेच शिक्षण सरकारी विद्यापीठाच्या बॅचलर ऑफ आर्ट्समध्ये मिळतं. आपल्या भागाला जवळचं विद्यापीठ म्हणजे बंडूराचं ला ट्रोब.

ला ट्रोब १९६७ साली सुरू झालं, व्हिक्टोरियातलं तिसरं विद्यापीठ. जागा पूर्वी माँट पार्क मनोरुग्णालयाच्या शेतीची होती. गंमत म्हणजे सुरुवातीला तिथे छोट्या कॉलेजांचीच योजना होती. प्रत्येक विद्यार्थी आणि प्राध्यापक, तिथे राहत असो वा नसो, एखाद्या कॉलेजचा सभासद असायचा, म्हणजे मोठ्या विद्यापीठात कुणी हरवू नये. ती योजना पुढे टिकली नाही. ग्लेन, मेंझीस आणि चिझम ही नावं राहिली ती राहण्याच्या जागांना. मध्यभागी अगोरा नावाचा चौक आहे, भोवती तळी, बदकं आणि निलगिरीची झाडं. सासूबाईंना फर्ग्युसनची टेकडी आठवली, इतकंच सांगते.

आता अभ्यासाचं. वर्षाला आठ विषय, एका सत्रात चार. एका विषयाचे तास आठवड्याला साधारण तीन. म्हणजे मुलगी आठवड्यात जेमतेम बारा तास वर्गात असते आणि घरच्यांना वाटतं की हिला काही कामच नाही. खरं काम बाहेर असतं. दर आठवड्याला वाचनाची यादी, आणि मग ट्युटोरियलमध्ये पंधरा-वीस जणांसमोर त्यावर बोलायचं. शिकवणाऱ्याला पहिल्या नावाने हाक मारायची, त्याचं म्हणणं पटलं नाही तर तसं सांगायचं, पण पुराव्यासकट. आपल्या मुलांना नेमकं हेच जड जातं. घरी मोठ्यांपुढे गप्प बसणं म्हणजे संस्कार, तिथे गप्प बसलं तर वाचून आला नाहीस असा अर्थ! निबंधात कुठलं वाक्य कुठून घेतलं ते नोंदवावंच लागतं. नाही नोंदवलं तर ती चोरी ठरते, चुकून झाली तरी. गुणांचंही वेगळंच. ८० च्या पुढे म्हणजे उत्तम, ६५ म्हणजे व्यवस्थित पास. व्हीसीईची सवय असलेल्या आई-बाबांनी ६५ बघून आवाज चढवू नये.

क्रेगीबर्नच्या मुलांची एक खास अडचण आहे, ती म्हणजे प्रवास. बंडूरा कारने अर्ध्या तासाच्या आसपास, पण आपली रेल्वे लाइन सरळ शहराकडे जाते, बंडूराला जात नाही. त्यामुळे मुलं तास संपला की गाडीत बसून घरी किंवा सुपरमार्केटच्या नोकरीवर. मैत्री जमते ती तासांच्या मधल्या वेळात, क्लबात, लायब्ररीत. निदान पहिलं सत्र दोन दिवस तरी दुपारभर तिथे थांबू द्या.

आणि आता पैसे. हा भाग नीट वाचा, कारण इथे आपली घरं फसतात.

२०२० साली आर्ट्सच्या विषयांना विद्यार्थ्याला वर्षाला ६,८०४ डॉलर पडत. २०२१ पासून सरकारने रचना बदलली आणि तेच १४,५०० झाले. त्याच वर्षी वैद्यकीयचे ११,३०० होते. म्हणजे इतिहासाचं वर्ष डॉक्टरकीच्या वर्षापेक्षा महाग! २०२५ साली आर्ट्सचा आकडा १७ हजारांच्या घरात गेला. माझ्या मते हा अन्याय आहे, आणि २०२४ च्या सरकारी अहवालानेही ही रचना बदलायला हवी असंच म्हटलं.

पण एक बारकावा लक्षात ठेवा. फी पदवीवर नसते, विषयावर असते. इंग्रजी, परभाषा आणि गणित हे स्वस्त गटात, २०२१ साली वर्षाला ३,९५०. आठपैकी चार विषय या गटातले घेतले तर २०२१ च्या दराने वर्ष ९,२२५ ला पडलं असतं. म्हणजे इतिहासाबरोबर एखादी भाषा घेतली तर खिशालाही बरं.

दुसरी गोष्ट पासपोर्टची. नागरिक असेल तर हेक्स कर्ज मिळतं, आधी काही भरावं लागत नाही. कायम रहिवासी असेल तर जागा सरकारी सवलतीचीच मिळते, पण कर्ज सहसा मिळत नाही, रक्कम दर सत्रात रोख भरायची. तात्पुरत्या व्हिसावर असेल तर परदेशी विद्यार्थ्याची पूर्ण फी, म्हणजे दुपटीच्या आसपास किंवा जास्त. आपल्यात कितीतरी जण भारतीय पासपोर्ट सोडायचा म्हणून नागरिकत्व लांबवत राहतात. भावना मी समजू शकते. पण मूल दहावीत गेलं की निदान त्याच्यापुरता हा हिशोब मांडा. त्या सत्राच्या सेन्सस डेटपर्यंत नागरिकत्व मिळालं तरच त्या सत्राला कर्ज मिळतं.

सेन्सस डेट आणखी एका कारणाने महत्त्वाची. तोपर्यंत विषय सोडला तर फी लागत नाही. एका ओळखीच्या मुलाने न झेपणारा विषय दहा दिवस उशिरा सोडला, विषयही गेला आणि पैसेही. घरी सांगायला घाबरला, एवढंच कारण.

कर्जाची परतफेड मात्र सौम्य आहे. २०२५-२६ साली ६७ हजार डॉलर उत्पन्नापर्यंत काहीच द्यायचं नाही, त्यावरच्या पहिल्या टप्प्यात प्रत्येक जास्तीच्या डॉलरला १५ सेंट. म्हणजे ७० हजार कमावणाऱ्याला वर्षाला ४५०. व्याज नाही, पण महागाई किंवा पगारवाढ यांतला जो दर कमी, त्याने कर्ज वाढतं. हे आकडे दरवर्षी बदलतात, म्हणून आपल्या वर्षाचे स्टडी असिस्टच्या सरकारी साइटवर बघून घ्या.

"पण पुढे काय?" हा वडिलांचा प्रश्न रास्त आहे. नुसत्या बीएवर लगेच ठरलेली नोकरी मिळेल असं मी सांगणार नाही. मात्र दोन वर्षांचं मास्टर ऑफ टीचिंग करून शिक्षक होता येतं. मेलबर्न विद्यापीठात तर २००८ पासून कायदासुद्धा पदवीनंतरच शिकवतात, आणि ती पदवी कुठल्याही विषयाची चालते. मुलीला सांगा, हे तीन नव्हे, पाच-सहा वर्षांचं काम आहे. तेवढी तयारी असेल तर माझं मत तिच्या बाजूने.

ओपन डे बहुधा ऑगस्टमध्ये असतो. दोघांनीही जा, आणि मुलीला प्रश्न विचारू द्या, आपण मागे उभं राहा. व्हीटॅकच्या अर्जात आठ पसंतीक्रम देता येतात, आणि डिसेंबरात निकालानंतर ते बदलायची संधी मिळते. तेव्हा ऑगस्टमध्ये एखाद्या ओळीत आर्ट्स लिहिलं म्हणून लगेच काही बिघडत नाही.